विमानाचे तिकीट आणि प्रवासाचा खरा हिशेब : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो : विमानाचे तिकीट स्वस्तात कसे मिळेल? दादरच्या एका तिकीट कचेरीत मी अठरा वर्षे काढली आहेत आणि हा प्रश्न तेथे रोज ऐकला आहे. उत्तर देण्याआधी मी समोरच्याला नेहमी विचारत असे, की तुम्ही घरातून किती वाजता निघणार आणि मुक्कामी कशाने पोहोचणार. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंत खिशातून जे जाते तो प्रवासाचा खर्च, आणि तिकिटावरचा आकडा हा त्यातला एक भाग. या महिन्यातील पत्रांना त्याच हिशेबाने उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे पती-पत्नी आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले, पुण्याहून दिल्लीला जाणार आहोत. एके रात्री मी एका व्यक्तीचे भाडे पाहिले तेव्हा ते ५,२०० रुपये होते. लगेच चौघांसाठी शोधले तर त्याच विमानाचे भाडे माणशी ६,४०० रुपये दिसले आणि सकाळी ते ६,९०० झाले होते. आपण वारंवार पाहतो म्हणून संकेतस्थळ दर वाढवते, हे खरे आहे का? तिकीट मंगळवारी काढावे असे म्हणतात, त्यात तथ्य आहे का?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : तुमच्या वारंवार पाहण्याचा आणि या वाढीचा संबंध नाही. कारण दुसरे आहे आणि ते समजले तर तुमचे पैसे वाचतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विमान कंपनी एका उड्डाणातील सगळ्या खुर्च्या एकाच भावाने विकत नाही. ती भाड्याचे टप्पे पाडते आणि प्रत्येक टप्प्याला ठरावीक जागा देते. खालच्या टप्प्यातील जागा संपल्या की विक्री वरच्या टप्प्यात जाते. तुम्ही पाहिले त्या रात्री ५,२०० च्या टप्प्यात एक किंवा दोन, फार तर तीनच जागा उरल्या असणार. तुम्ही एक जागा मागितली तेव्हा ती त्या टप्प्यातून दाखवली गेली. चार मागितल्या तेव्हा यंत्रणेने, चारही जागा एकत्र मिळतील असा टप्पा शोधला आणि चौघांनाही तोच दर लावला. खालच्या टप्प्यातील दोन जागा तुम्हाला देऊन उरलेल्या दोन वरच्या टप्प्यातून देणे, असे ती आपणहून करत नाही. सकाळपर्यंत आणखी कोणी जागा घेतल्या आणि विक्री पुढच्या टप्प्यावर गेली, एवढेच घडले.

म्हणून कुटुंबासाठी शोधताना आधी एका व्यक्तीचे, मग दोघांचे, मग तिघांचे भाडे पाहावे आणि दर कोठे उडी मारतो ते टिपून ठेवावे. समजा दोन जागा ५,२०० ला आणि दोन ६,४०० ला मिळाल्या असत्या, तर एकूण २३,२०० रुपये लागले असते. चारही एकत्र घेतल्यास तेच २५,६०० होतात. दोन वेगळी आरक्षणे केली तर प्रत्येकात एक मोठे माणूस आणि एक मूल असेल असे पाहावे, आणि नंतर कंपनीला फोन करून दोन्ही आरक्षणे एकाच कुटुंबाची आहेत अशी नोंद करून घ्यावी. उड्डाणाची वेळ बदलली किंवा ते रद्द झाले तर कंपनी प्रत्येक आरक्षणाचा विचार स्वतंत्रपणे करते, ही यातली खरी जोखीम आहे. दिल्लीसारख्या, दिवसभर उड्डाणे असलेल्या मार्गावर मी ती घेईन. दिवसाला एकच विमान असलेल्या मार्गावर घेणार नाही.

मंगळवारबद्दल म्हणाल तर तिकीट कोणत्या वारी काढता याला महत्त्व नाही, प्रवास कोणत्या वारी करता याला आहे. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ महाग असते. मंगळवार, बुधवार आणि शनिवारची दुपार बहुधा त्याहून स्वस्त असते. पहाटे पाचचे विमान स्वस्त दिसते, पण साताऱ्याहून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर त्यासाठी मध्यरात्रीच गाडी करून निघावे लागेल आणि मुलांची रात्र वाया जाईल. सकाळच्या एसटीने पुण्याला येऊन दुपारचे विमान घेणे तुम्हाला कदाचित माणशी काहीशे रुपये जास्त देऊनही परवडेल.

मे महिन्यासाठी दोन-अडीच महिने आधी तिकीट काढावे. गुगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर पूर्ण महिन्याचे दर एका दृष्टिक्षेपात दिसतात आणि दर बदलल्याची सूचना मागवता येते. तेथे पाहावे आणि तिकीट मात्र शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढावे. यात आणखी एक फायदा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार उड्डाण सात दिवस किंवा त्याहून पुढे असेल, तर कंपनीकडून थेट घेतलेले तिकीट निदान पहिल्या २४ तासांत रद्दशुल्क न भरता रद्द करता किंवा बदलता येते. चांगला दर दिसला की तिकीट घ्यावे, रात्री घरच्यांशी बोलावे आणि दुसऱ्या दिवशी एकदा पुन्हा पाहावे. त्यानंतर दर पाहणे बंद करावे, कारण त्यापुढे त्यातून मनस्तापाशिवाय काही मिळत नाही.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही पाच जण, त्यात सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, ठाण्याहून गोव्यात कोलव्याला जाणार आहोत. गोव्यातील दोन विमानतळांपैकी मोपाचे जाण्या-येण्याचे तिकीट दाबोळीपेक्षा माणशी ७०० रुपयांनी स्वस्त दिसते. ते घ्यावे का? आणि नवी मुंबईच्या विमानतळाचा आम्हाला उपयोग आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मोपाचे तिकीट घेऊ नये. दाबोळीहून कोलवा वीस-पंचवीस किलोमीटर आहे, मोपाहून ते सत्तरच्या घरात जाते. पाच माणसे आणि त्यांच्या बॅगा लहान गाडीत मावत नाहीत, म्हणजे मोठी गाडी करावी लागेल आणि तीही जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. तिकिटात वाचलेले ३,५०० रुपये गाडीत जातील आणि वर सासऱ्यांना सव्वा-दीड तास अधिक बसावे लागेल. मोपाहून पणजी आणि मडगावकडे कदंब महामंडळाच्या बसगाड्या सुटतात आणि एकट्यादुकट्या प्रवाशाला त्या सोयीच्या आहेत, पण वृद्धांना सामानासह दोनदा चढ-उतार करायला लावणे बरे नाही. तुमचा मुक्काम उत्तर गोव्यात मोरजी, मांद्रे किंवा हरमलला असता तर मी नेमके उलटे लिहिले असते. सावंतवाडी-बांद्याकडच्या मंडळींनाही मोपा जवळ पडते आणि गणपतीला गावी जाताना त्यांनी तेथील दर जरूर पाहावेत.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. तुम्ही ठाण्यात कोठे राहता यावर त्याचा उपयोग ठरेल. कळवा किंवा ऐरोलीकडच्यांना ते सोयीचे पडू शकते, घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना नाही. प्रत्येक विमानतळाचे प्रवासी विकास शुल्क वेगळे असते आणि ते तिकिटातच मिळवलेले असते, म्हणून दरांची तुलना करताना नेहमी शेवटच्या पानावरची एकूण रक्कम पाहावी.

तुम्ही विचारले नाही, तरी एक सुचवतो. मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी आणि मडगावची वंदे भारत या चारही गाड्या ठाण्याला थांबतात, आणि मडगाव स्थानकापासून कोलवा सात किलोमीटरच्या आत आहे. विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट आणि पुढची टॅक्सी हे सगळे धरले तर वेळेतला फरक तुम्हाला वाटतो तितका उरत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. तो दिवस दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवावा.

प्रश्न : मी नागपूर-बंगळूर तिकीट एका तिकीट-विक्री संकेतस्थळावरून ४,८५० रुपयांना काढले होते. परीक्षेची तारीख बदलल्याने प्रवासाच्या दोन आठवडे आधी ते रद्द केले. मला ३१० रुपये परत आले. ग्राहक सेवेचे म्हणणे असे की हे तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ होते. एवढ्यावर गप्प बसावे का?
— एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : गप्प बसू नये. ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दापुढे हजारो प्रवासी मान तुकवतात आणि आपल्या हक्काचे पैसे सोडून देतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे.

तिकिटाची रक्कम एकसंध नसते. तिच्यात मूळ भाडे असते, कंपनी लावत असेल तर इंधन अधिभार असतो, विमानतळाचे प्रवासी विकास शुल्क असते, सुरक्षा शुल्क असते आणि वस्तू व सेवा कर असतो, जो साध्या वर्गासाठी ५ टक्के आहे. महासंचालनालयाचा नियम असा की रद्दशुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक असता कामा नये. दुसरे असे की सवलतीच्या तिकिटाचे मूळ भाडे परत मिळणार नसले तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के ही परत केलीच पाहिजेत. प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही आणि विमान निघून गेले, तरीही हा नियम लागू आहे. ती रक्कम रोख परत घ्यायची की कंपनीच्या खात्यात पुढच्या प्रवासासाठी ठेवायची, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे, कंपनीचा नाही.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. ई-तिकीट उघडून भाड्याची फोड पाहावी आणि वर सांगितलेली शुल्के वेगळी मांडून त्यांची बेरीज करावी. ती ३१० हून जास्त असेल तर संकेतस्थळाला आणि विमान कंपनीला एकाच वेळी ई-मेल लिहावा : आरक्षण क्रमांक, रद्द केल्याची तारीख, परत मिळालेली रक्कम आणि ‘मूळ भाडे, कर व शुल्के यांची फोड आणि प्रत्येकातून झालेली कपात लेखी कळवावी’ एवढे एक वाक्य. फोनवर वाद घालू नये, लेखी मागावे. मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटाचा परतावाही विमान कंपनीचीच जबाबदारी मानली गेली आहे, कारण मध्यस्थ हा तिचा प्रतिनिधी असतो. दाद लागली नाही तर नागरी उड्डयन मंत्रालयाच्या एअरसेवा या व्यवस्थेवर तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. संकेतस्थळाने आकारलेले सुविधा शुल्क आणि तिकीट काढताना आधीच खूण करून ठेवलेला विमा हे मात्र बहुधा गेले असे समजावे. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी ती खूण काढून टाकावी.

जाता जाता एक सावधगिरी. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधयंत्रावर शोधू नये, तो तिकिटावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावा. परताव्याच्या आशेने खोट्या क्रमांकावर फोन करून खाते रिकामे झालेली माणसे माझ्यासमोर येऊन बसली आहेत. असे घडलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून मुलाकडे न्यू जर्सीत एडिसन येथे चार महिन्यांसाठी जाणार आहोत. हा आमचा पहिलाच परदेश प्रवास आहे. मुंबई-दुबई एका कंपनीचे आणि दुबई-न्यूयॉर्क दुसऱ्या कंपनीचे अशी वेगवेगळी तिकिटे काढल्यास दोघांचे मिळून ३८,००० रुपये वाचतात, असे एका परिचितांनी दाखवले. मुलाला खर्चात पाडायचे नाही, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, तुमची कळकळ समजते, आणि तरीही मी तुम्हाला हा मार्ग घेऊ देणार नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क एकाच आरक्षणावर तिकीट असेल तर तुमच्या बॅगा मुंबईत दिल्या की त्या अमेरिकेतच हाती येतात, आणि पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळ्या तिकिटांत यातले काहीच गृहीत धरता येत नाही. दुबईला तुम्हाला इमिग्रेशनमधून बाहेर पडावे लागेल, म्हणजे त्या देशाचा व्हिसा आधी काढावा लागेल किंवा तेथे शुल्क भरून घ्यावा लागेल. मग पट्ट्यावरून चार बॅगा उचलून, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर जाऊन, त्या पुन्हा वजन करून द्याव्या लागतील. पहिले विमान तीन तास उशिरा गेले आणि दुसरे निघून गेले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठराल आणि नवे तिकीट त्या दिवसाच्या दराने घ्यावे लागेल. ३८,००० वाचवताना लाख-दीड लाखांची टांगती तलवार डोक्यावर घेण्यासारखे हे आहे.

आणखी एक गोष्ट, जी परिचितांनी सांगितली नसेल. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. मुलासाठी नेलेल्या अनारशांवर खसखस असणारच, आणि दुबईला सामान घेऊन बाहेर पडणे म्हणजे तो डबा तेथील सीमाशुल्क तपासणीसमोर नेणे होय. घरातल्या साध्या पदार्थापायी परक्या देशात अडचणीत सापडण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

पैसे दुसरीकडून वाचवता येतील. पहिले म्हणजे तारखा. मे-जूनमध्ये आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात हा मार्ग सर्वांत महाग असतो, कारण दोन्ही देशांतील शाळांच्या सुट्ट्या आणि नाताळ त्यात येतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, तसेच सप्टेंबरात दर उतरलेले असतात. नातवंडांची सुट्टी हे जाण्याचे कारण नसेल तर सप्टेंबरात निघून जानेवारीत परतणे हे हवामानाच्या दृष्टीने थोडे कठीण, पण खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे. दुसरे म्हणजे जाण्या-येण्याचे तिकीट एकत्रच काढावे. देशांतर्गत प्रवासात दोन एकेरी तिकिटे आणि एक परतीचे यांत फारसा फरक नसतो, पण अमेरिकेच्या मार्गावर एकेरी तिकिटे बरीच महाग पडतात. परतीची तारीख कमी शुल्कात बदलता येईल असे भाडे निवडावे, कारण चार महिन्यांच्या मुक्कामात तारीख बदलण्याची वेळ येतेच. तिसरे, अगदी खालच्या दराच्या तिकिटात माणशी एकच बॅग असते की दोन, हे पाहून घ्यावे; दुसऱ्या बॅगेचे पैसे वेगळे भरावे लागले तर स्वस्त तिकीट महाग होते.

विमानतळाचाही विचार करावा. न्यूयॉर्क परिसरात लांबच्या परदेशी विमानांसाठी जेएफके आणि नेवार्क असे दोन मोठे विमानतळ आहेत. नेवार्क न्यू जर्सीतच आहे आणि एडिसन तेथून अर्ध्या-पाऊण तासावर येते. जेएफकेहून मात्र सगळे न्यूयॉर्क ओलांडून, पथकर भरत आणि रहदारीत अडकत यावे लागते. मुलाला कामाच्या दिवशी यायला जमले नाही तरी नेवार्क विमानतळाच्या स्थानकावरून मेट्रोपार्क आणि एडिसनला थेट लोकल गाड्या आहेत. नेवार्कचे तिकीट थोडे महाग असले तरी ते घ्यावे.

वैद्यकीय विम्यात मात्र काटकसर करू नये. अमेरिकेत एका रात्रीच्या रुग्णालयाचे बिल तिकिटाच्या कित्येक पट होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार अर्जात लपवू नयेत, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जातो. चालण्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवावी.

तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तपासावे. मी हे आग्रहाने सांगतो, कारण माझ्या हातून माझ्याच मावशीच्या तिकिटावर तिचे सासरचे आडनाव पडले होते आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा होता. चूक दोन दिवसांनी लक्षात आली आणि तिकीट रद्द करून नवे काढावे लागले. नावातील किरकोळ चूक कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटात पहिल्या २४ तासांत विनाशुल्क दुरुस्त होते. मला ते तेव्हा माहीत होते आणि तरीही मी त्याच दिवशी तिकीट उघडून पाहिले नव्हते.

प्रश्न : गेल्या महिन्यात नागपूरला माझ्या भावाचे निधन झाले. पुण्याहून त्याच दिवशीचे तिकीट १४,००० रुपयांना घ्यावे लागले. अशा प्रसंगी काही सवलत नसते का? आणि एवढे भाडे घेण्यावर कोणाचे नियंत्रण नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या दुःखात सहभागी आहे. त्या दिवशी तुम्ही जे केले ते बरोबरच केले, त्याचा हिशेब मनात ठेवू नये.

१९९४ मध्ये जुना हवाई महामंडळ कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना नियमित सेवा खुली झाली, तेव्हापासून भाडे ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे आहे. सरकार फक्त असाधारण प्रसंगी हस्तक्षेप करते. करोनाकाळात २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्यांवर मर्यादा होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर शेकडो उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हाही सरकारने अंतरानुसार कमाल भाडे ठरवून दिले : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि ५०० ते १,००० किलोमीटरपर्यंत १२,००० रुपये. माझे स्पष्ट मत असे आहे, की शेवटच्या दिवसाच्या भाड्याला कायमची कमाल मर्यादा असावी. कारण त्या दिवशी प्रवास करणारा माणूस हौसेने निघालेला नसतो. तो अंत्यविधीला, रुग्णालयात किंवा मुलाखतीला जात असतो. पण आज तसा कायमचा नियम नाही, आणि दुःखद प्रसंगासाठी सवलतही आपल्याकडे भरवशाने मिळत नाही.

म्हणून असा प्रसंग आलाच तर काय करता येते ते लिहितो, म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. फक्त जाण्याचे तिकीट काढावे. परतीचे त्याच घाईत काढले तर तेही चढ्या दराने पडते आणि तारीखही बहुधा चुकते. तेरावे करून परतणाऱ्याचे तिकीट दहा-बारा दिवस पुढचे असते, आणि तेवढ्या अंतराने दर पुष्कळ उतरतो. स्वतः फोनवर दर पाहत बसू नये. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या शांत माणसाकडे ते काम सोपवावे आणि त्याला मुंबईहून निघणारी विमानेही पाहायला सांगावे. सकाळ असेल तर रेल्वेचे तत्काळ आरक्षण ध्यानात ठेवावे. ते प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गांसाठी दहा वाजता आणि इतर वर्गांसाठी अकरा वाजता उघडते. ऑगस्ट २०२५ पासून पुणे आणि नागपूरचे अजनी स्थानक यांच्यात वंदे भारत धावते आणि ती साधारण बारा तास घेते. चार-पाच नातेवाईक एकत्र निघणार असतील तर छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने मोटारीने जाणे विमानाच्या निम्म्या खर्चात होते. मात्र गाडी घरच्या माणसाने चालवू नये, चालक घ्यावा. रात्रभर जागलेल्या आणि रडलेल्या माणसाच्या हाती त्या सरळसोट रस्त्यावर सुकाणू देऊ नये.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी नांदेडहून विमानाचे तिकीट अडीच हजारांच्या आत मिळत असे. आता तसे मिळत नाही. ‘उडान’ योजना बंद झाली का?
— एक व्यापारी, नांदेड

उत्तर : योजना बंद झालेली नाही, पण ती एखाद्या मार्गाला कायमची चिकटलेली नसते. २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेतील पहिली विमाने उडाली, त्यांत तुमचे नांदेड-हैदराबाद हेही होते. सुमारे तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा तेव्हा विमानातील साधारण निम्म्या जागांना होती, आणि कंपनीचा तोटा भरून देणारे अनुदान त्या मार्गाला तीन वर्षांपुरते होते. मुदत संपली की कंपनी बाजारभावाने विकते किंवा मार्गच सोडून देते. त्यामुळे लहान शहरांतील प्रवाशाने योजनेतील मार्ग कोणता आहे हे पाहून लवकर तिकीट काढणे हाच उपाय आहे, कारण मर्यादित दराच्या जागा आधी संपतात.  

प्रश्न : मुलगी दिल्लीत शिकते. तिला फराळ आणि सामान घेऊन जायचे असते आणि विमानतळावर प्रत्येक वेळी जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. काय करावे?
— एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : तिकीट काढताना ‘विद्यार्थी’ हा पर्याय निवडावा. बहुतेक कंपन्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या १५ किलोंवर आणखी १० किलो सामान नेऊ देतात. महाविद्यालयाचे ओळखपत्र मात्र विमानतळावर जवळ हवे. त्याहूनही जास्त लागणार असेल तर जादा वजन घरूनच ऑनलाइन घेऊन ठेवावे, काउंटरवर त्याच किलोला अधिक पैसे पडतात. दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारा हाताचा वजनकाटा घ्यावा आणि बॅग बंद करण्याआधी ती त्याला अडकवून उचलून पाहावी. चिवडा, शंकरपाळे, लाडू जाऊ शकतात. लोणचे हातातल्या पिशवीत ठेवू नये. बाटलीचे झाकण चिकटपट्टीने बंद करून, दोन पिशव्यांत गुंडाळून ते मोठ्या बॅगेत टाकावे. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नयेत. तेलामुळे ते ज्वालाग्राही समजले जाते आणि तपासणीत बॅग उघडून काढून टाकतात. किसून, भाजून चिवड्यात मिसळलेल्या खोबऱ्याला अशी अडवणूक झालेली मी पाहिलेली नाही.